पराभवाचें व्याकरण

निवडणुकीचा निकाल लागला म्हणजे आपल्या घरांतून दोन पक्ष पडतात : एक जिंकलेला, आणि दुसरा न जेवलेला. शनिवार, ता. २३ नोव्हेंबर २०२४ रोजीं महाराष्ट्र विधानसभेचे निकाल जाहीर झाले, त्या दिवशीं आमच्या भाईंदरच्या बिऱ्हाडींही हेंच घडलें. थोरले चिरंजीव सकाळपासून टीव्हीपुढून हलले नाहींत, धाकटे अकराच्या सुमारास उठले ते गच्चीवर जाऊन बसले, आणि पानें मांडल्यावर निरोप आला कीं, "मला भूक नाहीं." सौभाग्यवतींनीं भरल्या वांग्यांचें पातेलें पुन्हां झांकून ठेविलें व मजकडे अशा दृष्टीनें पाहिलें, कीं जणूं काय निकाल मींच लाविला होता.

या सदरांतून मी राजकारण सांगत नाहीं, हें नित्याच्या वाचकांस ठाऊक आहे. आजही तें सांगावयाचें नाहीं. कोणी जिंकावें हा मतदारांचा प्रश्न. पण हरल्यावर माणसानें कसें वागावें, आपल्या पराभवाचा हिशेब कसा मांडावा, हा घरांतल्या शिक्षणाचा प्रश्न आहे, आणि तेवढ्यापुरताच मीं तो येथें हातीं घेतला आहे. माझ्यापुरतें बोलावयाचें तर माझें मत हरलेल्यांच्या राशींत पडलें. तें कोणास दिलें, हें कोणी विचारूं नये. मत गुप्त असावें असा कायदा आहे, आणि सारा जन्म मास्तरकींत घालविलेल्या माणसास नियम मोडणें जड जातें. परंतु त्या दिवशीं मलाही वाईट वाटलें होतें; वाईटच काय, चांगली चीड आली होती, एवढें कबूल करून पुढें जातों.

निकाल होताच तसा चकित करणारा. त्याच वर्षीं झालेल्या लोकसभेच्या निवडणुकींत महाराष्ट्रांतल्या ४८ जागांपैकीं ३० जागा महाविकास आघाडीनें जिंकल्या होत्या, आणि महायुतीच्या वांट्यास अवघ्या १७ आल्या होत्या. त्यानंतर साडेपांच महिन्यांनीं विधानसभेच्या २८८ जागांचा निकाल लागला, तेव्हां भारतीय जनता पक्षास १३२, एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेस ५७ व अजित पवार यांच्या राष्ट्रवादीस ४१, अशा महायुतीच्या या तीन पक्षांस मिळून २३० जागा मिळाल्या. समोरच्या बाजूस उद्धव ठाकरे यांची शिवसेना २०, काँग्रेस १६ आणि शरद पवार यांची राष्ट्रवादी १०. तिघांची बेरीज ४६. संगमनेरास १९८५ पासून सतत निवडून येणारे बाळासाहेब थोरात पडले. कऱ्हाड दक्षिणेंत माजी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण पडले. महाराष्ट्रांत त्या दुपारीं किती पानें तशींच उचललीं गेलीं असतील, तें अन्नपूर्णेसच ठाऊक.

दिवेलागणीस दार वाजलें. पाहतों तों माझा एक जुना विद्यार्थी. वय आतां चाळिशीच्या पुढें. शाळेंत असतांना वक्तृत्वांत पहिला आणि गणितांत कच्चा. जवळच्याच एका मतदारसंघांत पडलेल्या उमेदवाराचा तो उजवा हात होता. कोणता मतदारसंघ व कोणता उमेदवार, हें मी लिहीत नाहीं. त्याच्या बोलण्यांतून जे दोष पुढें आले ते शेंकडों पराभूतांस लागू पडतील. त्यांत एकट्याचेंच नांव घेणें न्यायाचें होणार नाहीं.

तो नमस्कार करून बसला. चहा पुढें आला, पण कप हातांत तसाच राहिला आणि बांध फुटावा तसें त्याचें बोलणें सुरू झालें.

"गुरुजी, आम्हांला यंत्रांनीं पाडलें. पैशानें पाडलें. महिन्याच्या दीड हजारांनीं बायकांचीं मतें फिरवलीं. मित्रपक्षांनीं दगा दिला. वर्तमानपत्रांनीं आमच्या सभा छापल्या नाहींत. बंडखोरांनीं मतें खाल्लीं. लोकांना कांहीं कळतच नाहीं! आतां पुन्हां या फंदांत म्हणून पडणार नाहीं. काम तर राहोच, मतसुद्धां देणार नाहीं."

मी ऐकत होतों. मास्तरांची एक वाईट खोड असते. समोरचा मनुष्य रडत असला तरी त्याच्या वाक्यांतल्या विभक्त्या कानांत शिरतात. मराठींत भूतकाळीं सकर्मक क्रियापदाचा कर्ता तृतीयेंत येतो, हें आपल्या घरांतल्या पोरासोरांसही येतें : रामानें आंबा खाल्ला, मीं धडा वाचला. माझ्या विद्यार्थ्याच्या बोलण्यांत तृतीया भरपूर होती. यंत्रांनीं, पैशानें, मित्रपक्षांनीं, वर्तमानपत्रांनीं, बंडखोरांनीं. नव्हता तो एकच शब्द, आणि तो म्हणजे "आम्हीं". सगळे कर्ते परके. तो स्वतः व त्याचा उमेदवार मात्र कर्म होऊन कोपऱ्यांत बसलेले!

मीं त्यास म्हटलें, "अरे, तुझें एकेक वाक्य खोटें आहे असें मी म्हणत नाहीं. त्यांतलीं कांहीं खरींही असतील. पण ज्या गोष्टींत तूं कोठें कर्ताच नव्हतास, ती पुढच्या खेपेस तूं सुधारणार तरी कशी?"

तो गप्प बसला. मीं नातवाची वही मागून घेतली. नातू नुकताच अठरा वर्षांचा झालेला. त्यानें या निवडणुकींत पहिलेंच मत दिलें होतें, आणि तोही कान देऊन बाजूस बसला होता. माझ्या विद्यार्थ्याच्या मतदारसंघाची जखम ताजी. तिला हात लावावयास नको, म्हणून हिशेबास मीं आमचाच मतदारसंघ घेतला.

मीरा-भाईंदर हा मतदारसंघ जुना नव्हे. एकेकाळीं मिठागरें, भातखाचरें आणि उत्तनच्या कोळ्यांच्या होड्या एवढाच या भागाचा लौकिक. २०११ च्या जनगणनेंत शहराची वस्ती ८,०९,३७८ भरली. मतदारसंघांची फेररचना झाल्यावर २००९ सालीं येथें विधानसभेची पहिली निवडणूक झाली. तींत राष्ट्रवादीचे गिल्बर्ट मेंडोन्सा यांनीं भाजपचे नरेंद्र मेहता यांचा पराभव केला. २०१४ सालीं तोच सामना उलटला : मेहता ९१,४६८ मतें घेऊन आले, मेंडोन्सा ५९,१७६ वर राहिले. २०१९ सालीं भाजपनें मेहतांस उमेदवारी दिली, तेव्हां त्याच पक्षाच्या माजी महापौर गीता जैन अपक्ष म्हणून उभ्या राहिल्या. जैन ७९,५७५, मेहता ६४,०४९, काँग्रेसचे मुझफ्फर हुसेन ५५,९३९, जैन विजयी. आणि २०२४ सालीं मेहता १,४४,३७६, हुसेन ८३,९४३, जैन २३,०५१. मेहता ६०,४३३ मतांनीं विजयी.

हे आकडे वहींत लिहून मीं विद्यार्थ्यापुढें सरकविले. "आतां २०१९ च्या पहिल्या दोघांची बेरीज कर."

त्यानें ओठ हलवीत केली. "एक लाख त्रेचाळीस हजार सहाशें चोवीस."

"आणि २०२४ सालीं मेहतांस एकट्यास किती?"

"एक लाख चव्वेचाळीस हजार तीनशें शहात्तर." तो थांबला. "म्हणजे फरक सातशें बावन्नाचाच!"

"तींच माणसें तशींच उभीं होतीं, असें मात्र समजूं नको. मध्यंतरीं मतदार वाढले, कांहीं इकडचे तिकडे झाले, आणि जैनबाईंस यंदाही तेवीस हजार पडलीं. तरी आकडा विचार करावयास लावतो. आतां दुसरें पहा. हुसेन यांचीं मतें पांच वर्षांत कितीनें वाढलीं?"

"अठ्ठावीस हजारांनीं. म्हणजे दीडपट!"

"दीडपट वाढलीं आणि तरीही ते पूर्वीपेक्षां मोठ्या अंतरानें मागें राहिले. त्यांचीं हीं चौऱ्याऐंशी हजार मतें २०१९ सालीं पडलीं असतीं, आणि दुसऱ्यांचे आकडे तेच राहिले असते, तर ते पहिले आले असते. समोरचें घर दुभंगलेलें होतें तेव्हां आपली तयारी नव्हती. आपली तयारी झाली तोंवर तें घर बरेंचसें सांधलें गेलें. शेजाऱ्याकडे भांडण होईल आणि त्याच्या विस्तवावर आपली भाकरी भाजेल, या आशेवर चूल पेटत नसते. आणि तिसरी गोष्ट : मेहता २००९ मध्यें हरले, २०१४ मध्यें आले, २०१९ मध्यें हरले, २०२४ मध्यें आले. आज जिंकलेला दोनदां हरलेला आहे. हें मी कोणाची स्तुति किंवा निंदा म्हणून सांगत नाहीं. हरणें म्हणजे संपणें नव्हे, एवढेंच तुला दाखवीत आहें."

यानंतर वहीचें पान उलटून मीं त्यास सांगितलें, "आतां तुझ्या उमेदवाराचा हिशेब मांड. अट एकच. प्रत्येक वाक्याचा आरंभ 'आम्हीं' या शब्दानें झाला पाहिजे."

प्रथम त्यास तें जमेना. पुन्हां पुन्हां "त्यांनीं" येऊं लागलें व मी पेन्सिलीनें तें खोडूं लागलों. पण एकदां गाडें सुरू झाल्यावर त्याचें त्यासच आश्चर्य वाटलें असावें.

"आम्हीं उमेदवार उशिरां ठरविला." जागांची वांटणी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत, म्हणजे २९ ऑक्टोबरापर्यंत, चालली होती, अर्ज मागें घेण्याची मुदत ४ नोव्हेंबरास संपली आणि मतदान २० तारखेस. मधल्या दोन आठवड्यांत मनुष्य किती उंबरे चढणार? पण त्यापूर्वीं जीं पांच वर्षें हातीं होतीं त्यांत तो किती चढला होता, असें मीं विचारतांच तो हंसला. "साहेब लग्नाकार्याला येत, गुरुजी. पण बसत नसत. फोटो झाला कीं निघत."

"आम्हीं रुळाच्या एकाच बाजूचे राहिलों." आपलीं हीं उपनगरें आगगाडीनें दुभंगलेलीं असतात. एका बाजूची गाऱ्हाणीं दुसऱ्या बाजूस ठाऊक नसतात. ज्या वस्तींत आपणांस हार घालतात तेथेंच माणूस पुन्हां पुन्हां जातो, आणि ज्या वस्तींत प्रश्न विचारतात ती टाळतो. मतें मात्र दोन्हीं वस्त्यांचीं एकाच राशींत मोजलीं जातात.

"आम्हीं पाण्याच्या प्रश्नाला दिल्लीचें उत्तर दिलें." सभेंत एका बाईनें विचारलें कीं, नळाला पाणी दिवसाआड कां? त्यावर साहेबांनीं अर्धा तास राज्यघटना व देशाचें भवितव्य यांवर भाषण केलें. विषय थोर होता. पण ती बाई हंडा घेऊन आली होती आणि हंडा तसाच घेऊन परत गेली.

"आम्हीं दीड हजाराला नांवें ठेविलीं, आणि मग तीन हजार देऊं म्हटलें." सरकारनें जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेंत पात्र स्त्रियांस दरमहा १,५०० रुपये देण्याचें ठरविलें. विरोधी आघाडीनें आधीं त्यावर टीका केली, आणि जाहीरनाम्यांत ३,००० रुपयांचें वचन दिलें. आमच्याकडे धुणें-भांडीं करणाऱ्या बाईंनीं त्या वेळीं सौभाग्यवतींस विचारलेलें वाक्य मला तेव्हां आठवलें : "काकू, हातांतले दीड हजार बरे, कां दुसऱ्याच्या तोंडांतले तीन हजार बरे?" आपल्या सुशिक्षित घरांतून या स्त्रियांस "विकल्या गेलेल्या" म्हणण्याची चाल त्या दिवसांत फार बोकाळली होती. ज्यांच्या घरीं पेन्शन पहिल्या तारखेस बँकेंत पडतें, त्यांनीं तरी हा शब्द जपून वापरावा.

"आम्हीं साहेबांना खरें सांगितलें नाहीं." हें वाक्य त्यानें बऱ्याच वेळानें लिहिलें. उमेदवारास दुसऱ्याचें ऐकण्याची संवय नव्हती. कोणी उणें सांगितलें कीं तो चिडे. म्हणून भोंवतीं फक्त "होय साहेब" म्हणणारे उरले, आणि त्यांतच हाही एक. मतमोजणीच्या आदल्या रात्रींपर्यंत सर्वांनीं मिळून त्यास वीस हजारांनीं निवडून आणलें होतें!

एवढें झाल्यावर त्यानें पेन्सिल खालीं ठेविली व म्हणाला, "हें सगळें कबूल, गुरुजी. पण यंत्रांचें काय?"

प्रश्न योग्य होता, आणि मीं तो झटकला नाहीं. ज्यानें थोडेंबहुत न्यायशास्त्र वाचलें आहे, तो शंकेस कधीं पाप म्हणत नाहीं. शंकेवांचून सिद्धान्तच होत नाहीं. पण शंकेमागून प्रमाण यावें लागतें, आणि प्रमाण गोळा करण्यास कष्ट पडतात. मतदान संपल्यावर प्रत्येक केंद्रावर किती मतें नोंदलीं गेलीं, याचा '१७-सी' नांवाचा कागद तेथील अधिकारी उमेदवाराच्या प्रतिनिधीस देतो. मोजणीच्या वेळीं यंत्रांतला आकडा त्याच्याशीं ताडून पाहतां येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या आदेशाप्रमाणें विधानसभेच्या प्रत्येक मतदारसंघांत चिठ्ठी टाकून निवडलेल्या पांच केंद्रांच्या छापील मतचिठ्ठ्याही मोजतात. आणि २६ एप्रिल २०२४ च्या निकालांत त्याच न्यायालयानें दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारास, निकालापासून सात दिवसांत अर्ज करून व खर्च भरून, पांच टक्के यंत्रांची तपासणी मागण्याची मुभा दिली.

"तुमच्या हातीं अजून सात दिवस आहेत. १७-सी चे कागद कोठें आहेत?"

तो खालीं पाहूं लागला. "सगळ्या केंद्रांवर आमचा माणूसच नव्हता, गुरुजी. कांहीं ठिकाणीं होता तो दुपारीं जेवायला गेला, तो परत आला नाहीं."

मग मीं कांहीं बोललों नाहीं. पुढें डिसेंबरांत माळशिरस मतदारसंघांतल्या मारकडवाडीच्या गांवकऱ्यांनीं मतपत्रिकांवर पुन्हां मतदान घेऊन पाहण्याचें योजिलें व प्रशासनानें तें होऊं दिलें नाहीं. विशेष हें कीं, त्या मतदारसंघांत निवडून आलेले उत्तमराव जानकर हे पराभूत आघाडीचेच होते. शंका इतकी खोल गेली असेल तर तिचें समाधान होणें राज्याच्या हिताचेंच आहे. लोकांनीं प्रश्न विचारले म्हणून अधिकाऱ्यांनीं रागावूं नये. पण ज्याचा पहारेकरी जेवावयास गेला होता, त्यानें चोरीची फिर्याद कोणत्या तोंडानें मांडावी, हाही प्रश्न उरतोच.

"आणि मत देणार नाहीं म्हणतोस," मी म्हटलें, "तर एक जुनी गोष्ट ऐक." १९५२ सालीं मुंबई राज्याच्या विधानसभेची निवडणूक झाली. बलसाडकडील मतदारसंघांत मोरारजी देसाई उभे होते. समाजवादी पक्षाच्या अमूल देसाई यांनीं त्यांस हरविलें, तें अवघ्या १९ मतांनीं! पक्षास बहुमत होतें म्हणून मोरारजी त्याच वर्षीं मुख्यमंत्री झाले, ही गोष्ट निराळी. पण एकोणीस मतें म्हणजे किती, तर आपल्यासारखीं दोन-तीन एकत्र कुटुंबें. इतक्या मागें जावयासही नको. याच २०२४ च्या निवडणुकींत, आमच्याच ठाणें लोकसभा क्षेत्रांतल्या बेलापुरास मंदा म्हात्रे ३७७ मतांनीं जिंकल्या व संदीप नाईक हरले. मालेगांव मध्यचा निकाल तर १६२ मतांनीं लागला. दोन इमारतींतलीं माणसें त्या दिवशीं घरीं झोंपलीं, तर आमदार बदलतो.

माझें हें प्रवचन रंगांत आलें होतें. मीं पुढें सांगूं लागलों कीं, राज्यांत मतदान सुमारें ६६ टक्के झालें, पण आमच्या मीरा-भाईंदरांत पांच लाखांवर मतदार असतां निम्म्याच्या आसपासच लोक केंद्रावर गेले. घरीं राहिले ते सुमारें अडीच लाख. म्हणजे विजयी उमेदवाराच्या एकंदर मतांहूनही अधिक, आणि त्याच्या आघाडीच्या चौपट. "हे अडीच लाख लोक कोण?" असें मीं मोठ्या आवेशानें विचारलें.

तोंच नातू शांतपणें म्हणाला, "आजोबा, आपल्या घरचीं मतें किती पडलीं?"

आमच्या एकत्र घरांत सात मतें आहेत. आम्ही उभयतां, दोघे मुलगे, दोघी सुना आणि हा नातू. मतदानाच्या बुधवारीं नाशकास माझ्या भाचीच्या मुलीचें लग्न होतें. थोरल्यानें आठवडाभर आधीं मला विचारलें होतें कीं, "बाबा, मतदान आहे, मी मागाहून येऊं कां?" त्यावर मींच म्हटलें होतें, "माहेरचें कार्य आहे. कोणी गेलें नाहीं तर बरें दिसणार नाहीं. एका मतानें काय होणार आहे?" सौभाग्यवती, थोरला आणि थोरली सूनबाई आदल्या दिवशीं नाशकास गेलीं. गुडघे दुखतात म्हणून मी राहिलों. धाकट्या सूनबाईंचें नांव लग्नापासून सहा वर्षें डोंबिवलीच्याच यादींत पडून आहे. तें इकडे आणावें असें तिनें दोनदां सुचविलें, आणि "पाहूं सवडीनें" हें उत्तर मींच दिलें होतें. म्हणजे साताचीं मतें पडलीं तीन. ज्या शहरास मी नांवें ठेवीत होतों, त्याहून माझ्या घराचा आंकडा खालचा!

त्या चौघांचीं मतें माझ्याच बाजूस पडलीं असतीं असें मुळींच नाहीं. थोरल्याचें तर खात्रीनें उलट पडलें असतें. पण प्रश्न बाजूचा नव्हता. दुपारपासून मी निकालास, पुढाऱ्यांस, शेजाऱ्यांस मनांतल्या मनांत बोल लावीत होतों. माझ्याही वाक्यांतले सगळे कर्ते परकेच होते. नातवानें वही पुढें केली. माझ्या विद्यार्थ्यानें कांहीं न बोलतां पेन्सिल माझ्या हातांत दिली. मीं लिहिलें : "मीं तीन मतें नाशकास पाठविलीं, आणि एक डोंबिवलीस राहूं दिलें."

विद्यार्थी निघाला तेव्हां त्यानें तें 'आम्हीं'चें पान फाडून मागितलें व घडी करून खिशांत ठेविलें. "साहेबांना दाखवूं कां?" असें त्यानें विचारलें. मीं सांगितलें, "आज नको. चार दिवस जाऊं देत. जखमेवर मीठ चोळूं नये. पण दाखीव मात्र अवश्य. तूं आतां तरी खरें सांगितलें नाहींस, तर सहावें वाक्य लिहावें लागेल." पुन्हां काम करणार किंवा नाहीं, हें तो बोलला नाहीं. मींही विचारलें नाहीं.

त्याच आठवड्यांत धाकट्या सूनबाईंचा नमुना क्रमांक ८ चा अर्ज भरला. पत्ता बदलला असतां नांव एका यादींतून दुसऱ्या यादींत नेण्यासाठीं हाच अर्ज लागतो व तो घरबसल्याही भरतां येतो. वाचकांच्या घरीं नव्या सुना आल्या असतील, मुलें बदलीहून परत आलीं असतील, कोणी वडील माणूस निवर्तलें असेल, तर यादींतलीं नांवें एकदां पहावींत. मुलामुलींस अठरावें वर्ष लागलें म्हणजे जानेवारीचीच वाट पाहण्याचें कारण आतां उरलेलें नाहीं. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर अशा चार तारखांस वयाची गणना होते. मुंजीची व लग्नाची यादी आपण किती काळजीनें करतों! त्याच कपाटांत हीही यादी ठेवावी. आणि कार्याची तिथि मतदानाच्या दिवशीं येत असेल, तर सकाळीं मत देऊन दुपारची गाडी धरावी. आहेर थोडा उशिरां पोंचल्यानें कोणाचें लग्न अडत नाहीं.

राहतां राहिली न जेवलेल्या पक्षाची गोष्ट. रात्रीं नवाच्या सुमारास धाकटे गच्चीवरून खालीं आले. वहीचें पान टेबलावर उघडेंच होतें. तें त्यांनीं उभ्या उभ्या वाचलें. थोरल्यांनींही येऊन वाचलें, आणि दिवसभर मिरविलेलें हंसूं किंचित् ओशाळलें, कारण विजयाचा आनंद करणाऱ्या त्या गृहस्थांनीं स्वतः मत दिलेंच नव्हतें. कोणी कोणास कांहीं बोललें नाहीं. सौभाग्यवतींनीं पातेल्यावरचें झांकण काढलें, वांगीं गरम केलीं, आणि दोन्हीं पक्षांचीं पानें शेजारीं शेजारीं मांडलीं.